आसनपट्टा व बालआसन कायदे

मोटारगाडीस अपघात झाला असता चालकास व प्रवाशांस आसनाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यास आसनपट्टा किंवा सुरक्षा पट्टा म्हणतात. व्यवहारात ‘सीट बेल्ट’ हे नाव रूढ आहे. लहान मुलाच्या वयास, वजनास व उंचीस अनुरूप असे जे वेगळे आसन गाडीच्या मूळ आसनावर पक्के बसवितात, ते बालआसन होय. ही साधने गाडीत बसविणे व वापरणे यांबाबतचे कायदे बहुतेक देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. साधन उपलब्ध होणे, ते गाडीत बसविण्याची सक्ती होणे व ते वापरण्याची सक्ती होणे या तीन निरनिराळ्या अवस्था असून त्यांच्यामध्ये पुष्कळ ठिकाणी दहा ते तीस वर्षांचे अंतर पडले. या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्या अंतराचा इतिहास होय.

ताशी ५० किमी. वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, तर तिचा पुढचा भाग चेपत जाऊन ती साधारणपणे अर्ध्या मीटरात थांबते. आतील माणूस मात्र निरूढीमुळे मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि सुकाणूचक्र, समोरची काच किंवा पुढचे आसन यांवर आदळून जवळजवळ तत्काळ थांबतो. पट्टा बांधलेला असल्यास तो गाडीबरोबरच थांबू लागतो व आघाताचे बळ छाती आणि ओटीपोटाची हाडे यांवर विभागले जाते. अर्ध्या मीटरात थांबताना होणारे मंदन गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. २० पट असते. म्हणजे १० किग्रॅ. वजनाचे मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला ते धरून ठेवण्यासाठी त्या क्षणी सु. २०० किग्रॅ. भार पेलण्याइतके बळ लावावे लागेल. एवढे बळ कोणाच्याही हातांत नसते. हा हिशोब शालेय पदार्थविज्ञानाचा आहे. पण मुलाला मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, ही समजूत सर्व समाजांत इतकी खोल रुजलेली आहे की, पुढे कायदे करणाऱ्यांनाही तिच्यापुढे काही काळ माघार घ्यावी लागली.

पूर्वेतिहास : एडवर्ड क्लेगहॉर्न यांना १८८५ मध्ये अमेरिकेत मिळालेल्या सुरक्षा पट्ट्याच्या एकस्वाचा उल्लेख पुष्कळदा आद्य आसनपट्टा म्हणून केला जातो. तो बरोबर नाही. ते साधन उंचावर काम करणारे रंगारी, अग्निशामक दलाचे जवान इत्यादींना एखाद्या स्थिर वस्तूस अडकवून ठेवण्यासाठी होते. आसनाशी बांधून घेण्याची गरज प्रथम विमानात भासली. उघड्या विमानातून वैमानिक बाहेर फेकला जाऊ नये, एवढाच तेव्हा हेतू होता. आघातात शरीर वाचविण्याचे साधन म्हणून पट्ट्याचा विचार पुढे दोन व्यक्तींच्या कामामुळे सुरू झाला. ह्यू डिहेव्हन हे पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे शिक्षण घेत असता विमानांच्या टकरीतून वाचले होते. उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास करून त्यांनी १९४२ मध्ये असे दाखवून दिले की, मृत्यू केवळ वेगामुळे येत नाही. शरीर किती अंतरात थांबते व त्याचा कोणता भाग कशावर आदळतो, यांवर तो अवलंबून असतो. नाजूक वस्तू पेटीत जशी भरतात तसाच माणूस गाडीत बसविला पाहिजे, हा त्यांचा विचार पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरला.

अमेरिकी हवाई दलातील वैद्य जॉन पॉल स्टॅप यांनी मंदनाचे प्रयोग स्वतःच्याच शरीरावर केले. १० डिसेंबर १९५४ रोजी त्यांची अग्निबाणाने ढकललेली घसरगाडी ताशी १,००० किमी.हून अधिक वेगाने धावून सु. १·४ सेकंदांत थांबली. गुरुत्वाच्या ४६ पट मंदन सोसून ते वाचले. डोळ्यांत रक्त उतरल्यामुळे गेलेली दृष्टीही परत आली. योग्य रीतीने बांधलेले मानवी शरीर कल्पनेपेक्षा पुष्कळ अधिक आघात सोसू शकते, हे यावरून सिद्ध झाले. हवाई दलाचे जवान विमानांच्या अपघातांपेक्षा मोटारींच्या अपघातांत अधिक संख्येने मरतात, हे ध्यानात आल्यावर स्टॅप मोटारगाडीकडे वळले.

अमेरिकेत नॅश या कंपनीने १९४९ पासून व फोर्ड कंपनीने १९५५ पासून काही गाड्यांसाठी पट्टे देऊ केले. ते केवळ कमरेभोवतीचे होते. त्यांमुळे माणूस गाडीबाहेर फेकला जात नसे. परंतु धड पुढे झुकून डोके आदळत असे व पोटातील अवयवांस इजा होई. ही उणीव स्वीडनच्या नील्स बोलिन यांनी दूर केली. साब कंपनीत विमानातून वैमानिकास बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केलेले बोलिन १९५८ मध्ये व्हॉल्व्हो कंपनीत आले. वैमानिक कितीही पट्टे निमूटपणे बांधून घेतो, मोटारीत बसणारा माणूस मात्र क्षणभराचीही अडचण सोसत नाही, हे त्यांनी ओळखले. कंबर व छाती या दोहोंना धरणारा, तीन ठिकाणी पक्का केलेला आणि एका हाताने अडकविता येणारा पट्टा त्यांनी तयार केला. १९५९ मध्ये तो गाड्यांत बसविण्यास सुरुवात झाली. एकस्व मिळाल्यावरही व्हॉल्व्होने तो इतर उत्पादकांना मोकळेपणाने वापरू दिला. १९६७ मध्ये बोलिन यांनी स्वीडनमधील सु. २८,००० अपघातांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पट्टा न बांधलेले प्रवासी कमी वेगाच्या अपघातांतही मरण पावले होते. पट्टा बांधलेल्यांपैकी मात्र ताशी सु. ९६ किमी.पेक्षा कमी वेगाच्या अपघातात कोणीही दगावले नव्हते. सक्तीच्या कायद्यांच्या पुरस्कर्त्यांना या अहवालाने भक्कम आधार दिला.

बसविण्याची सक्ती : अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९६२ च्या गाड्यांपासून पुढच्या आसनांना पट्टे असलेच पाहिजेत, असा कायदा १९६१ मध्ये केला. अपघाताचा दोष चालकाच्या माथी मारण्याची तोवरची रीत होती. रॅल्फ नेडर यांच्या १९६५ मधील ग्रंथाने तो रोख उत्पादकांकडे वळविला आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा अधिनियम संमत केला. त्याअन्वये १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींत सर्व आसनांना पट्टे आवश्यक झाले. तथापि गाडीत पट्टा असणे व तो बांधला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहुसंख्य लोक पट्टे आसनाखाली सारून देत.

यावर अमेरिकी शासनाने एक यांत्रिक तोडगा काढला. १९७४ च्या गाड्यांत पुढच्या आसनांवरील व्यक्तींनी पट्टे बांधल्याखेरीज यंत्र सुरूच होऊ नये, अशी योजना करण्यात आली. शेजारच्या आसनावर किराणा मालाची जड पिशवी ठेवली तरी गाडी तिला माणूस समजून अडून बसे. लोकांचा संताप इतका अनावर झाला की, काँग्रेसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा करून अशा यंत्रणेची सक्ती करण्यास शासनाला मनाई केली. माणसाला दंड करण्याचे टाळून यंत्राकडून शिस्त लावण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न अशा रीतीने वर्षभरातच संपला.

वापरण्याची सक्ती : पट्टा न बांधणे हा गुन्हा ठरविण्याचे पाऊल प्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने उचलले. या राज्यात १९६९ मध्ये १,०३४ व १९७० मध्ये १,०६१ माणसे रस्त्यांवर मृत्यू पावली. मेलबर्नच्या सन या दैनिकाने १,०३४ या आकड्याविरुद्धच युद्ध पुकारून मोहीम उघडली. शस्त्रक्रियातज्ञांच्या संस्थेने रुग्णालयांतील अनुभवाच्या आधारे सक्तीची मागणी लावून धरली होती आणि विधिमंडळाच्या संयुक्त समितीचा कलही तिच्याकडे होता. २२ डिसेंबर १९७० पासून कायदा अंमलात आला. १९७१ मध्ये मृतांची संख्या ९२३ वर आली. उरलेल्या ऑस्ट्रेलियन राज्यांनी १९७२ च्या आरंभापर्यंत व न्यूझीलंडने त्याच वर्षी व्हिक्टोरियाचे अनुकरण केले. येथे विशेष गोष्ट अशी की, पुढे अन्यत्र जो वाद वर्षानुवर्षे चालला, तो येथे फारसा झालाच नाही. डॉक्टर, वृत्तपत्रे व सर्व पक्षांचे प्रतिनिधी एका बाजूला आल्यावर कायदा किती सहज होतो, याचे हे उदाहरण आहे.

फ्रान्सने १९७३ मध्ये शहरांबाहेरील रस्त्यांवर पुढच्या आसनांसाठी सक्ती केली. स्वीडनने १९७५ मध्ये. कॅनडातील आँटॅरिओ प्रांताचा कायदा १ जानेवारी १९७६ पासूनचा आहे. पश्चिम जर्मनीचा अनुभव अधिक बोधप्रद म्हणावा लागेल. तेथे १९७६ मध्ये सक्ती आली, परंतु दंड ठेवण्यात आला नाही. गाडी पेटली किंवा पाण्यात पडली, तर पट्ट्यामुळे आपण अडकून मरू, ही भीती तेथे फार होती. वस्तुतः असे अपघात विरळा असतात आणि त्यांतही शुद्धीवर राहिलेला माणूसच बाहेर पडू शकतो. १ ऑगस्ट १९८४ पासून ४० मार्क दंड सुरू होताच पट्टा बांधणाऱ्यांचे प्रमाण सु. ६० टक्क्यांवरून ९० टक्क्यांच्या वर गेले. आठ वर्षांच्या उपदेशाने जे साधले नव्हते, ते ४० मार्कांनी काही आठवड्यांत साधले.

ग्रेट ब्रिटन : येथे नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना पट्टे बसविण्याची सक्ती १९६० नंतरच्या दशकातच झाली होती. ते वापरण्याच्या सक्तीची विधेयके मात्र सबंध सत्तरीच्या दशकात एकामागून एक कोसळली. विरोध आळशीपणाचा नव्हता, तत्त्वाचा होता. दुसऱ्यास अपाय न करणाऱ्या माणसाला केवळ स्वतःची काळजी घेतली नाही म्हणून शिक्षा करण्याचा अधिकार राज्यास पोचतो काय, असा प्रश्न ईनक पॉवेल प्रभृती संसदसदस्य विचारीत. पट्टा न बांधणाऱ्याच्या उपचारांचा खर्च सर्वांवर पडतो, मागच्या आसनावरील मोकळा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळून त्यालाही मारतो आणि मरणाऱ्याच्या मागे कुटुंब असते, ही प्रतिपक्षाची उत्तरे होती. अखेरीस लॉर्ड न्यूजेंट यांनी वरिष्ठ सभागृहात मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९८१ च्या परिवहन अधिनियमात ही तरतूद आली व ३१ जानेवारी १९८३ पासून तीन वर्षांच्या प्रयोगादाखल अंमलात आली. पुढच्या आसनांवर पट्टा बांधणाऱ्यांचे प्रमाण सु. ४० टक्के होते, ते लगोलग ९० टक्क्यांच्या पुढे गेले.

लंडन विद्यापीठातील भूगोलाचे अभ्यासक जॉन अ‍ॅडम्स यांनी याच सुमारास एक अडचणीचा आक्षेप घेतला. सुरक्षित वाटू लागलेला चालक अधिक बेदरकारपणे गाडी हाकतो, त्यामुळे धोका नाहीसा न होता पादचारी व सायकलस्वार यांच्याकडे सरकतो, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्‌झमन यांनी १९७५ मध्ये याच स्वरूपाचा सिद्धांत मांडला होता. प्रयोगाची मुदत संपत आली तेव्हा जेम्स डर्बिन व अँड्रू हार्वी या संख्याशास्त्रज्ञांनी शासनासाठी आकडेवारी तपासली. चालक व पुढचे प्रवासी यांच्या मृत्यूंत ठळक घट दिसली. परंतु मागच्या आसनांवरील प्रवासी, पादचारी व सायकलस्वार यांच्या मृत्यूंत काहीशी वाढही आढळली. ती वाढ कायद्यामुळेच झाली की काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले. एकूण लाभ स्पष्ट असल्यामुळे संसदेने १९८६ मध्ये कायदा कायम केला. मात्र अ‍ॅडम्स यांचा आक्षेप सर्वस्वी निकालात निघाला, असे म्हणता येत नाही. मागच्या आसनांवरील मुलांसाठी १९८९ मध्ये व प्रौढांसाठी १९९१ मध्ये सक्ती झाली.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत आहे. न्यूयॉर्क राज्याने १९८४ मध्ये आरंभ केला. त्याच वर्षी केंद्रीय परिवहन मंत्री एलिझाबेथ डोल यांनी असा नियम जाहीर केला की, दोनतृतीयांश लोकसंख्येच्या राज्यांनी पट्ट्याचे कायदे केले नाहीत, तर उत्पादकांना वायुपिशव्या किंवा आपोआप आवळणारे पट्टे बसवावेच लागतील. तेव्हा इतकी वर्षे उदासीन असलेले उत्पादक राज्याराज्यांत पट्ट्याच्या कायद्याचे कैवारी झाले. मॅसॅचूसेट्सच्या मतदारांनी १९८६ मध्ये कौल घेऊन आपला कायदा रद्द केला व १९९४ मध्ये तो पुन्हा आला. न्यू हॅम्पशरमध्ये प्रौढांवर अशी सक्ती आजही नाही.

बालआसने : मुलांसाठी मोटारीत वेगळी आसने १९३० नंतरच्या दशकापासून मिळत. त्यांचा हेतू सुरक्षितता हा नव्हता. मूल उंच बसावे, त्याला बाहेरचे दिसावे आणि चालणाऱ्या गाडीत त्याने हुंदडू नये, एवढेच पाहिले जाई. अपघाताचा विचार करून केलेली आसने १९६० नंतरची होत. स्वीडनचे वैद्य बेर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास मुलाची पाठ गाडीच्या पुढच्या दिशेस ठेवणारे आसन तयार केले. जेमिनी यानातील अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व मान अशक्त असते. पाठ पुढे असल्यास आघाताचे बळ सबंध पाठीवर पसरते व मानेस हिसका बसत नाही. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंतच्या मुलांना असे उलट तोंडाने बसविण्याची प्रथा पडली. अमेरिकेत फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्यांनी १९६८-६९ मध्ये आपापली बालआसने काढली. १९७१ मध्ये तेथे लागू झालेल्या पहिल्या मानकात प्रत्यक्ष टकरीची चाचणी नव्हतीच. ती १९८१ पासून आवश्यक झाली. संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाचा बालआसनांविषयीचा ४४ क्रमांकाचा विनियम त्याच वर्षीचा होय.

मुलास बालआसनात बसविलेच पाहिजे, असा अमेरिकेतील पहिला कायदा टेनेसी राज्याने केला. रदरफर्ड परगण्यातील बालरोगतज्ञ रॉबर्ट सँडर्स हे त्याचे प्रवर्तक होत. १९७६ मध्ये त्यांचा प्रयत्न फसला. दुसऱ्या वर्षी विधेयक संमत होऊन १ जानेवारी १९७८ पासून अंमलात आले. चार वर्षांखालील मुलांची जबाबदारी त्याने आईवडिलांवर टाकली. परंतु हे विधेयक पार पाडताना एक अपवाद मान्य करावा लागला : मूल मोठ्या माणसाच्या हातांत असेल तर आसन नको. कायद्याचा गाभाच या अपवादाने पोखरला. पट्टा न बांधलेल्या प्रौढाच्या कुशीतील मूल हातांतून निसटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, समोरचा फळा व त्या प्रौढाचे शरीर यांमध्ये चिरडले जाते. सँडर्स यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि १९८१ मध्ये अपवाद रद्द झाला. प्रौढांच्या सक्तीबाबत स्वातंत्र्याचा जो वाद माजला, तो मुलांबाबत टिकला नाही. मूल स्वतः धोका पत्करीत नाही, तो त्याच्यावर लादला जातो, हे विरोधकांनाही मान्य करावे लागले. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत बालआसनाचे कायदे झाले होते.

कायदा झाला तरी आसने चुकीच्या रीतीने बसविली जात. पट्टे सैल राहत व आसन उलटे की सुलटे, हेही कळत नसे. म्हणून आसन गाडीच्या सांगाड्यास थेट अडकविण्याची आयसोफिक्स ही पद्धती १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. दरम्यान वायुपिशव्यांनी एक नवे संकट आणले होते. पुढच्या आसनावर उलट तोंडाने बसविलेल्या अर्भकाच्या आसनावर पिशवीचा तडाखा बसून अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात काही बालके दगावली. मुलांनी मागेच बसावे, हा नियम तेव्हापासून सर्वत्र दृढ झाला. २०१३ च्या १२९ क्रमांकाच्या विनियमाने आसनाची निवड वजनाऐवजी उंचीवरून करण्याची पद्धत घातली आणि पंधरा महिन्यांपर्यंत उलट तोंडाने बसविणे आवश्यक केले.

भारत : मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ रोजी अंमलात आला. त्याखालील केंद्रीय नियमांमध्ये उत्पादकाने पट्टे बसविणे व चालकाने, पुढच्या प्रवाशाने आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांवरील प्रवाशांनी ते बांधणे या गोष्टी क्रमाने आल्या. दंड पहिल्या गुन्ह्यास १०० रु. होता. मागच्या आसनांपुरता तर हा नियम कागदावरच राहिला. तेथील पट्टे गादीखाली दडपलेले किंवा आच्छादनाने झाकलेले असत. केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते. मागचा पट्टा केवळ शोभेचा असतो, या समजुतीने आपला मित्र हिरावून नेला, अशा आशयाचे उद्गार तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी काढले.

१ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने दंड १,००० रु. झाला. तिच्यातील १९४ ख या नव्या कलमान्वये चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न करता गाडी चालविणाऱ्यासही तेवढाच दंड आहे. भारतीय केंद्रीय कायद्यात मुलाच्या बांधणीची जबाबदारी अशी स्वतंत्र कलमाने सांगितली गेली, ती व्हिक्टोरियाच्या कायद्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीस अपघात झाला. पट्टे न बांधलेले मागचे दोघे प्रवासी मृत्यू पावले व पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतील सर्व प्रवाशांना पट्टा बांधण्याविषयी बजावले. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता. यांत चालक ८,३८४ व प्रवासी ८,३३१ होते. मारले जाणारे निम्मे लोक गाडी चालवीत नव्हते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पाश्चात्त्य देशांत मुलाची सुरक्षितता म्हणजे मोटारीतील बालआसन, असे समीकरण आहे. भारतातील बहुसंख्य मुले मोटारीतून नव्हे, तर स्कूटर व मोटारसायकल यांवरून, आईवडिलांच्या मध्ये किंवा टाकीवर बसून प्रवास करतात. ही स्थिती ध्यानात घेऊन १५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलास चालकाशी जोडून ठेवणारी पट्ट्यांची बांधणी, शिरस्त्राण व ताशी ४० किमी. ही वेगमर्यादा विहित केली; नियम वर्षभरानंतर लागू झाला. अशी बांधणी नेहमीच्या दुकानांत सहसा आढळत नाही.

मोटारींमध्ये १ जुलै २०१९ पासून पुढचा पट्टा न बांधल्यास घंटी वाजविणारी यंत्रणा सक्तीची आहे. तीवर अल्पावधीतच एक स्वस्त उपाय निघाला : खोबणीत नुसती धातूची चीप अडकवली की पट्टा बांधला असे समजून घंटी गप्प बसते. या चिपा आंतरजालीय बाजारात राजरोस विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच विक्रेत्या मंचांविरुद्ध आदेश काढले. त्या वेळी विक्रीच्या यादीतून काढून टाकण्यात आलेल्या अशा नोंदींची संख्या १३,११८ होती.